चित्र मशीनने काढलं, मग 'बाय' म्हणायचं की 'विथ'?

गेल्या वेळी या सदरात मी लिहिलं होतं की आमचा सात-आठ जणांचा गट दर शनिवारी एक चित्र समोर ठेवून बसतो, कधी ते जुन्या चित्रकाराचं असतं कधी एआयने तयार केलेलं, आणि मग ही कला आहे का, असली तर कोणाची, यावर तासभर फक्त इंग्रजीत वाद घालतो, शब्द वाढवायला यासारखा उपाय मला तरी सापडलेला नाही. त्यावर इतकी पत्रं आली की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. पाच निवडलीत, बाकीच्यांनी आपला प्रश्न यात शोधावा, बहुतेक सापडेल.

प्रश्न : ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज दहा शब्द वहीत लिहून पाठ करते, कोणी अर्थ विचारला तर पटकन सांगते पण बोलायची वेळ आली की गुड, नाइस, ब्युटिफुल याच्यापुढे गाडी सरकतच नाही. मला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही आणि एआयचंही तसंच, मग त्यावर बोलून माझे शब्द कसे काय वाढतील?

उत्तर : अगं, तुझे शब्द कमी नाहीयेत, ते वहीत अडकलेत. वाचलं की कळणारे शब्द वेगळे आणि तोंडात येणारे वेगळे, प्रत्येकाचा पहिला ढीग मोठा असतो आणि दुसरा लहान, माझाही तसाच आहे. पहिल्यातला शब्द दुसऱ्यात जातो तो गरज पडली की, नुसत्या पाठांतराने नाही. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले होते, निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि किती वेळाने किती विसरलं ते मोजायचं, १८८५ साली त्याने ते प्रसिद्ध केलं, आणि त्यात दिसलं की पाठ केलेलं बरंचसं पहिल्या एका दिवसातच निसटतं, पुढे मग विसरण्याचा वेग मंदावतो. तुझे दहा शब्द वहीत एकाखाली एक, एकाचं दुसऱ्याशी काही नातं नाही, म्हणजे जवळजवळ त्याच्या अक्षरगटांसारखेच झाले ना.

चित्राचं बरं असं असतं की ते समोर असतं. त्याला माहिती लागत नाही, बघावं लागतं. पहिली पाच मिनिटं मत द्यायचंच नाही, फक्त दिसतंय ते सांगायचं, फोरग्राउंडला काय, बॅकग्राउंडला काय, उजेड कुठून येतोय, कोण कोणाकडे बघतंय. मग अंदाज, आणि इथे व्याकरण आपोआप कामाला लागतं, शी मस्ट बी वेटिंग फॉर समवन, ही माइट हॅव बीन क्रायिंग, हे मस्ट आणि माइट धड्यात वाचताना कंटाळा येतो पण चित्रातल्या बाईविषयी भांडताना बरोबर तोंडात बसतात. मत सगळ्यात शेवटी.

आमच्याकडे एक मुलगी येते, अगदी तुझ्यासारखी, पहिले तीन शनिवार गप्पच होती. चौथ्या वेळी धुक्यातल्या बंदराचं चित्र होतं, सगळे राखाडी-निळे रंग, आणि तिला काहीतरी म्हणायचं होतं पण शब्द मिळेना, हात हवेत फिरवत शेवटी म्हणाली, द कलर्स आर... स्लीपिंग. सगळे थांबले. मग कोणीतरी हळूच सांगितलं, म्यूटेड. तिने तो शब्द दोनदा पुटपुटला आणि त्या तासात चार वेळा वापरला. म्यूट म्हणजे आवाज बंद करणं, तेच रंगांनाही चालतं हे तिला तेव्हा कळलं, आणि त्याच्या उलटा व्हिव्हिड, तोही त्याच दिवशी मिळाला. मला मात्र तिचं स्लीपिंगच अजून आठवतं. तूही असंच कर, शब्द नसेल तर मोडकातोडका दुसरा वापर, आधी खड्डा पडू दे, मग त्यात आलेला शब्द पक्का बसतो.

वही टाकू नकोस हं. फक्त नुसत्या शब्दाऐवजी तो ज्या वाक्यात लागला ते आख्खं वाक्य लिही, आणि दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी हाताने झाकून आठवून बघ.

प्रश्न : मी ऑफिसात सगळ्यांसमोर आय रिमूव्ह्ड अ फोटो असं म्हणाले आणि लोक हसले. नंतर कळलं की तिथे टेक हवं होतं. एआयच्या चित्रांवर बोलताना तर आणखीच गोंधळ होतो, चित्र काढलं याला प्रत्येक जण वेगळंच क्रियापद वापरतो. नेमकं बरोबर काय?

उत्तर : हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, ही चूक मराठीतूनच येते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपण चित्र काढतो, फोटो काढतो, कपाटातून कपडे काढतो, कोणाची आठवणही काढतो, सगळीकडे एकच काढणं. इंग्रजीला कशाने आणि कसं काढलं ते आधी सांगावं लागतं. पेन्सिलीने रेघा ओढल्या की ड्रॉ, रंगांनी केलं की पेंट, घाईत चार रेघांत पकडलं की स्केच, कॅमेऱ्याने असेल तर टेक, आणि एआयला वर्णन लिहून दिलं आणि चित्र आलं की जनरेट. नामंही त्यामागोमाग येतात, ड्रॉइंग, पेंटिंग, फोटोग्राफ, इमेज. शंका असली की पिक्चर म्हणा, ते सगळ्यांना चालतं.

यातलं जनरेट नीट बघा. वीज जनरेट होते, उत्पन्न जनरेट होतं, म्हणजे एखादी प्रक्रिया चालते आणि त्यातून काहीतरी बाहेर पडतं, त्यात मन लागत नाही. क्रिएट म्हटलं की त्यामागे कोणीतरी विचार करणारं उभं राहतं. म्हणून चर्चेत एखादा माणूस एआय क्रिएटेड धिस म्हणतो आणि दुसरा आग्रहाने जनरेटेड म्हणतो तेव्हा ते दोघं क्रियापदातूनच आपापलं मत सांगत असतात.

आणि आता मला ज्याबद्दल खरं बोलायचंय ते. आपला 'ने'. मुलीने ब्रशने चित्र काढलं. दोन्हीकडे ने. शाळेत आपण तृतीया म्हणून शिकलो, ती करणाऱ्यालाही लागते आणि ज्या साधनाने केलं त्यालाही. इंग्रजीत हे दोन वेगळे, पेंटेड बाय द गर्ल, विथ अ ब्रश. आता म्हणा, मशीनने चित्र काढलं. मराठीत वाक्य झालं, कोणाला काही अडचण नाही. इंग्रजीत न्यायचं तर तुम्हाला आधी ठरवावंच लागतं, मशीन मुलीच्या जागी बसवायचं की ब्रशच्या.

आमच्या गटात हे असंच अचानक निघालं. एक काका, आयुष्यभर इंजिनिअरिंग केलेले, सहज म्हणाले, धिस वन इज मेड बाय अ मशीन. आमच्यातली चित्रकला शिकवणारी बाई ताडकन म्हणाली, नो, विथ अ मशीन, ब्रशला कोणी बाय लावतं का? काका म्हणाले ब्रश काही ठरवत नाही, कुठे काय रंगवायचं ते हातातूनच येतं, हे मात्र स्वतः ठरवतंय की झाडाला किती फांद्या. ती म्हणाली ठरवत नाहीये, अंदाज करतंय, ठरवलं त्या माणसाने ज्याने पन्नासातून हे एक निवडलं. आणि या एका अव्ययावरून डिसाइड, चूज, प्रेडिक्ट, कंट्रोल, इंटेन्शन, टूल, डिझर्व्ह, क्रेडिट एवढे शब्द टेबलावर येऊन पडले, कोणी शिकवले नाहीत, लागले म्हणून आले. मी नंतर मोजले.

हे भांडण फक्त आमचं नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत जेसन अ‍ॅलन यांना डिजिटल कलेच्या गटात पहिलं बक्षीस मिळालं, चित्र मिडजर्नी हे एआय साधन वापरून केलेलं होतं. त्यांचं म्हणणं, मी किमान ६२४ वेळा सूचना बदलत गेलो, म्हणजे हे माझं काम. तिथल्या कॉपीराइट ऑफिसने २०२३ मध्ये नोंदणी नाकारली. त्याआधीच स्टीफन थेलर या अमेरिकन संशोधकाने उलटंच केलं होतं, चित्राचा ऑथर म्हणून आपल्या मशीनचंच नाव लावलं, आणि तिथेही कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलं की ऑथर माणूसच हवा, २०२५ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच कायम ठेवलं. बघा, एक विथ म्हणत होता, दुसरा स्वतःहून बाय म्हणत होता. आणि हा वाद नवाही नाही, १८८४ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्डच्या एका फोटोवरून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात हाच प्रश्न होता की कॅमेऱ्याने निघालेल्या फोटोला ऑथर असतो का. कोर्ट म्हणालं असतो, कारण त्याला कसं बसवायचं, कपडे कोणते, उजेड कसा, हे फोटोग्राफर नेपोलियन सरोनीने ठरवलं होतं. यातून एक शब्दही नीट कळतो, ऑथर म्हणजे फक्त लेखक नाही, जिच्यापासून एखादी गोष्ट उगम पावते ती व्यक्ती.

तुमच्या ऑफिसात पुढच्या वेळी हा विषय निघाला तर बाय म्हणून थांबू नका, बाय का ते एका वाक्यात सांगा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. एआयच्या बातम्यांत मॉडेल, प्रॉम्प्ट, ट्रेन असे शब्द येतात. मॉडेल म्हणजे आम्हाला चित्रकारासमोर बसणारी व्यक्ती माहीत. हे तेच शब्द का?

उत्तर : सर, तेच शब्द, नवं घर. मॉडेल म्हणजे मुळात नमुना, चित्रकार जिच्याकडे बघून काढतो ती, आणि एआयमध्ये असंख्य चित्रं बघून तयार झालेली गणिती रचना, म्हणजे पूर्वी मॉडेलकडे बघून चित्र व्हायचं, आता चित्रांकडे बघून मॉडेल होतं. हे वाक्य तुम्ही चर्चेत इंग्रजीत म्हणून बघा, लोकांना आवडेल. प्रॉम्प्ट म्हणजे एआयला लिहून दिलेली सूचना, पण शब्द नाटकवाल्यांचा, विंगेत उभं राहून वाक्य सुचवणारा प्रॉम्प्टर तुम्हाला माहीतच असेल, आणि विशेषण म्हणून तोच शब्द तत्पर या अर्थाने येतो, प्रॉम्प्ट रिप्लाय. ट्रेन म्हणजे मॉडेलला शिकवणं, त्याबरोबर ऑन लक्षात ठेवा, ट्रेन्ड ऑन मिलियन्स ऑफ इमेजेस. आणि जाता जाता, स्टिल लाइफ, म्हणजे फळं, भांडी अशा निर्जीव वस्तूंचं चित्र, त्याचं अनेकवचन स्टिल लाइफ्स होतं, लाइव्ह्ज नाही. तुमच्यासारख्यांना अशा गोष्टी आवडतात म्हणून सांगितलं.

प्रश्न : ताई, ओरिजिनल, जेन्युइन, ऑथेंटिक, रिअल हे सगळे मला एकच वाटतात. आणि आर्टिफिशियल म्हणजे फेकच ना? मग आर्टिफिशियल इंटेलिजन्स म्हणजे खोटी बुद्धी झाली.

उत्तर : नाही, आणि हा फरक मनापासून समजून घे. आर्टिफिशियल लाइट म्हणजे दिवा, त्याच्या उजेडात पुस्तक वाचता येतं, तो उजेड खोटा नाही, माणसाने केलेला आहे इतकंच. फेक मध्ये फसवायचा हेतू असतो. सही फेक असते, नोट फेक असते. १९५५ साली संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी पुढच्या वर्षीच्या डार्टमथ कॉलेजमधल्या अभ्यासगटासाठी प्रस्ताव लिहिला, त्यात आर्टिफिशियल इंटेलिजन्स हे नाव आलं, त्यांना खोटी नव्हे तर माणसाने घडवलेली बुद्धी म्हणायचं होतं.

त्या शब्दाच्या पोटातच आर्ट आहे. लॅटिनमध्ये आर्स म्हणजे कौशल्य, कला, आणि फाचेरे म्हणजे करणं, कौशल्याने केलेलं ते आर्टिफिशियल, आर्टिझन आणि आर्टिफॅक्ट ही त्याचीच भावंडं. आणि आपल्याकडे? कृत्रिम हा शब्द कृ धातूपासून, करणं या अर्थाने, आणि कलाकृतीमधली कृती पण तिथूनच. म्हणजे लांबच्या दोन भाषांनी कला आणि कृत्रिम यांना एकाच घरात ठेवलंय आणि आपण आज त्यांना एकमेकांविरुद्ध उभं करून वाद घालतो. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी डिक्शनरी मिटून नुसती बसून राहिले होते.

आता तुझे चार शब्द. ओरिजिनल ला दोन तोंडं आहेत, ओरिजिनल पेंटिंग म्हणजे मूळ, नक्कल नसलेलं, आणि ओरिजिनल आयडिया म्हणजे आधी कोणाला न सुचलेली. एकाच चित्राला एक लागू पडेल आणि दुसरा पडणार नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावगृहात ऑब्व्हियस नावाच्या फ्रेंच गटाने एआयकडून करवलेलं एका काल्पनिक गृहस्थाचं चित्र विकलं गेलं, अंदाज होता ७ ते १० हजार डॉलर आणि गेलं ४,३२,५०० डॉलरला. मॉडेलला शिकवायला १४व्या ते २०व्या शतकातली १५,००० व्यक्तिचित्रं दिली होती, आणि सहीच्या जागी एक गणिती सूत्र होतं. हे ओरिजिनल का? कुठल्या एका चित्रावरून कॉपी केलेलं नाही, म्हणून पहिल्या अर्थाने हो म्हणता येईल. दुसऱ्या अर्थाने मी नाही म्हणेन, आणि तू हो म्हणालीस तर मला कारण ऐकायला आवडेल. कॉपीड फ्रॉम, बेस्ड ऑन, इन्स्पायर्ड बाय, हे तीन पायऱ्यांसारखे वापर, नक्कल, आधार, प्रेरणा.

ऑथेंटिक म्हणजे जे असल्याचा दावा आहे तेच असणं, हे चित्र खरंच त्याच चित्रकाराचं आहे का, तिथे ऑथेंटिक. जेन्युइन त्याच्या जवळचं, पण माणसाच्या भावनेलाही सहज लागतं, जेन्युइन इंटरेस्ट. रिअल सगळ्यात ढोबळ. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीने २०२३ चा शब्द म्हणून ऑथेंटिक निवडला होता, त्यामागे एआयबद्दलची चर्चा हे एक कारण होतंच.

प्रश्न : शब्द शिकायला एआयचीच मदत घेतली तर चालेल का? माझी मुलगी नववीत आहे, ती सगळं त्यालाच विचारते आणि मला भीती वाटते की तिचं स्वतःचं काही राहणारच नाही.

उत्तर : तुमची भीती रास्त आहे. मत तिने त्याच्याकडून लिहून घेऊ नये, यावर ठाम राहा. आधी तिने चुकतमाकत चार वाक्यं लिहायची, मग त्याला म्हणायचं की फक्त चुकलेले शब्द दाखव, माझी वाक्यं बदलू नकोस. आणि शब्दाचा उगम किंवा कोणाचं म्हणणं त्याने सांगितलं तर चांगल्या डिक्शनरीत ताडून बघायचंच, कारण ते तितक्याच आत्मविश्वासाने मनचंही सांगतं. याला इंग्रजीत हॅल्युसिनेट म्हणतात, हा केंब्रिज डिक्शनरीचा २०२३ चा शब्द होता, मुळात तो भास होणं या अर्थाचा.

पण एक खेळ आहे जो मला फार मोलाचा वाटतो. मनात एक चित्र धरायचं, ते इंग्रजीत लिहून एआयला द्यायचं, आणि आलेलं चित्र मनातल्याशी जुळतं का बघायचं. जिथे जुळत नाही तिथे तुमचा शब्द कमी पडलाय. माझा भाचा सोळा वर्षांचा, त्याने लिहिलं, अ सॅड रूम. आलं काय, एक खोली आणि मध्ये रडणारा माणूस. मावशी, मला माणूस नकोय, खोलीच उदास हवी. मग म्हटलं उदास म्हणजे काय काय दिसतं ते सांग. कोणी राहत नाही. त्याला डेझर्टेड मिळाला, आणि डेझर्ट म्हणजे वाळवंट आणि सोडून जाणं हे एकाच घराण्यातले हे कळून तो खूश झाला. अंधुक, डिम. भिंतीचा रंग पोपडे धरून सुटलेला, तिथे बराच वेळ अडला, पीलिंग पेंट, संत्रं सोलतात तेच पील. पलंग तसाच विस्कटलेला, अनमेड बेड. पाचव्यांदा आलेलं चित्र बघून तो गप्पच झाला, म्हणाला, आजोबांच्या गावातली मागची खोली.

आणि मग म्हणाला, पण वास नाहीये यात. बंद खोलीचा कुबट वास असतो ना, तो. चित्रात तो येणार नव्हताच, तरी त्याला शब्द हवा होता, म्हणून आम्ही डिक्शनरी उघडली. मस्टी.